एक फूट सात इंच

टेप बरोबर न्यायचा नाही, असं बायकोनं तीनदा बजावलं. मोजणीदारानं तीनदा मान डोलावली आणि तीस मीटरचा तो टेप गुपचूप उशीच्या अभ्र्यात कोंबला. दोन दिवसांच्या सुट्टीत टेप कशाला लागतो, असं तुम्ही विचाराल. त्यालाही ठाऊक नव्हतं. काही माणसं रुमालाशिवाय घराबाहेर पडत नाहीत, तसं याचं टेपचं होतं. (त्या उशीवर झोपून पुढं त्याची मान आखडली. बरं झालं.)

हा गृहस्थ जमीन मोजणीच्या ऑफिसात होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजून त्याची नजरच तशी झाली होती. जाईल तिथं त्याला आधी अतिक्रमण दिसायचं, मग माणूस. समोरच्यांचं चपलांचं कपाट जिन्यात चार इंच पुढं आलं म्हणून त्यानं त्यांना लेखी नोटीस दिली होती. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या कुंडीची सावली आपल्या बाल्कनीत पडते, यावरून दीड महिना अबोला धरला होता. पार्किंगमध्ये तर त्यानं स्वतःच्या हातानं पांढरे पट्टे मारले होते. कुणाचं चाक पट्ट्यावर आलं की हा खिडकीतून असा ओरडायचा, की गाडी जागेवर राहायची आणि मालक मागं सरकायचा. आणि दर वेळी म्हणणं याचंच बरोबर. तीच तर पंचाईत होती. चुकणाऱ्या माणसाशी कडाकडा भांडून मोकळं तरी होता येतं. सदान्‌कदा बरोबर असलेल्या माणसाचं काय लोणचं घालायचं?

लोकांनी सोपा उपाय काढला. याच्या घरी जायचं बंद केलं, आणि यांना बोलावणंही बंद केलं. याला त्याचं काही नव्हतं. पण घरात बारा वर्षांची लेक होती. इमारतीत कुणाचा वाढदिवस असला की गाणी वरपर्यंत ऐकू यायची आणि ही पोर दार लावून भूगोल वाचत बसायची. मागच्या महिन्यात तिनं आईला विचारलं, "आई, बाबा थोडे कमी बरोबर असले तर नाही का चालणार?"

आई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि डोळे पुसून बाहेर आली ती ठरवूनच आली. या माणसाला कुणीही ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं. तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचा एक कॅम्प होता. तिथं तिनं दोन दिवसांसाठी जागा घेतली. निघताना गाडीचं दार धरून ती म्हणाली, "अहो, नीट ऐका. तिथं पोरीला एक जरी मैत्रीण मिळाली ना, तरी मी भरून पावले. दोन दिवस कुणाशी भांडायचं नाही."

"मी कधी भांडतो?" मोजणीदार म्हणाला.

बायको गाडीत बसली आणि तिनं दार जरा जोरात लावलं.

कॅम्पच्या फाटकाशी नियमांचा बोर्ड होता. इतर लोक बोर्डाला टेकून फोटो काढत होते. मोजणीदारानं तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी. दुसऱ्याच्या जागेतून ये-जा करू नये. दिव्याचा झोत आणि चुलीचा धूर शेजाऱ्याकडं जाणार नाही असं पाहावं. प्रत्येक जागा वीस फूट रुंद. वाचता वाचता त्याचा चेहरा खुलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या विचारांचा कुणीतरी भेटला होता.

तळ्याकाठी एका ओळीत नऊ तंबूंच्या जागा होत्या. पहिली यांची, कुंपणाला लागून. दुसऱ्या जागेत एक बेकरीवाला त्याच्या कुटुंबासकट उतरला होता. माणूस ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस. आल्या आल्या त्यानं मोजणीदाराच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "भाऊ, काही लागलं तर हक्कानं मागा!" मोजणीदाराला फक्त शांतता हवी होती, आणि तेवढीच बेकरीवाल्याकडं नव्हती.

दहा मिनिटांत बेकरीवाल्याची मुलगी आणि यांची लेक अशा हसायला लागल्या, की जणू मागच्या जन्मी अर्धवट राहिलेली गोष्ट पुढं चालू झाली. मुलगी हिच्याच वयाची. राहणारी यांच्याच गावात, पुलापलीकडं. लेक धावत आईकडं आली आणि कानात म्हणाली, "आई, तिला मी आवडले!" बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती होती आणि धमकीही होती.

आता मला सांगा, माणसानं सहन करावं तरी किती? संध्याकाळी बेकरीवाल्यानं चूल पेटवली आणि सगळा धूर यांच्या तंबूत. त्याच्या कंदिलाचा झोत थेट मोजणीदाराच्या डोळ्यांत. त्याची पोरं पाण्याच्या नळाकडं जाताना यांच्या जागेतून, येतानाही यांच्याच जागेतून, आणि जाता-येता "काका, सॉरी हं" म्हणून परत तेच. कुणाचीही तळपायाची आग मस्तकात गेली असती. याची तर मस्तकातच राहायला होती.

"अहो, हसा जरा," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"हसतोय."

"दात खाताय तुम्ही."

"तेच वरून हसल्यासारखं दिसतं."

कसाबसा झोपला. आणि पहाटे चार वाजता कानाशी रेडिओ सुरू झाला. त्यापाठोपाठ धप्प. परत धप्प. मोजणीदार ताडकन उठून बसला. तंबूच्या फटीतून पाहतो तर बेकरीवाला परातीत भलामोठा पिठाचा गोळा आपटतोय, रेडिओबरोबर स्वतःही गातोय, आणि बायको-पोरं भोवती बसून गप्पा मारताहेत. त्या घरात तीस वर्षं चारलाच उजाडत होतं. बाकीच्या जगात अजून उजाडायचं आहे, हे बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं. पण म्हणून काय झालं? शेजाऱ्याच्या कानाशी पीठ आपटायचं? मोजणीदाराला राग आला तो अगदी रास्त होता, आणि हे मी त्याच्या बाजूनं स्वच्छ सांगतो.

तंबूतून डोकं बाहेर काढून "अहो, जरा हळू" एवढे तीन शब्द बोलला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ते भांडण झालं असतं ना! शिवाय सहापर्यंत शांतता पाळायचा नियम होता. तेव्हा हा नियमाचा पुतळा दोन तास अंधारात मुठी आवळून, दातओठ खात बसून राहिला. धप्प झालं की याच्या कपाळाची शीर उडायची. आणि त्या दोन तासांत त्याच्या डोक्यात एक युक्ती शिजली. बायको भांडायचं नाही म्हणाली होती. मोजायचं नाही असं कुठं म्हणाली होती? (टेप न्यायचा नाही म्हणाली होती. पण तो आता नेऊन झाला होता.)

घड्याळात सहा वाजले आणि मोजणीदार टेप घेऊन बाहेर पडला. कुंपणापासून त्यानं वीस फूट मोजले. खूण म्हणून ठेवलेला पांढरा दगड होता अठरा फूट पाच इंचांवर. त्याचे डोळे चमकले. त्यानं दोन खुंट्या ठोकल्या आणि मधे सुतळी ताणून बांधली. सुतळी बरोबर बेकरीवाला आणि त्याची परात यांच्या मधून गेली.

"भाऊ, हे काय?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"हद्द. जागा वीस फूट, बोर्डावर लिहिलंय. तुम्ही एक फूट सात इंच आत आला आहात. तुमच्या तंबूची कड, चूल आणि हे पीठ सध्या आमच्या जागेत आहे."

"पीठ?"

"पीठ."

तंबूतून बेकरीवाल्याची बायको बाहेर आली. "मग आता उरलेलं तुम्हीच मळा!" ती कडाडली. "आम्ही दगड बघून तंबू ठोकला. रात्री सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?"

"वहिनी, मी भांडत नाहीये. मी फक्त मोजतोय."

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. पण माणूस भला. "जाऊ दे गं," म्हणाला, आणि चूल विझवून, खुंट्या उपटून, अख्खा संसार उचलून त्यानं एक फूट सात इंच पलीकडं सरकवला. म्हणजे काय झालं, तर त्याचा तंबू तिसऱ्या जागेत घुसला. तिसऱ्या जागेत नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं होतं. त्यातला नवरा डोळे चोळत बाहेर आला. "ओ काका, आमच्यात कुठं शिरताय?"

"मला नका विचारू," बेकरीवाला वैतागून म्हणाला. "ते बघा, साहेब मोजून देताहेत."

झालं! ठिणगी पडली. नव्या नवऱ्यानं मोजणीदाराला हाक मारली, "आमचीही मोजा मग!" मोजणीदाराला आयुष्यात कुणी आपणहून बोलावलं नव्हतं. तो टेप घेऊन असा निघाला, जणू पंगतीचं आमंत्रण आलंय. बेकरीवाल्याला वीस फूट दिले, तर जोडप्याकडं तीन फूट दोन इंच अतिक्रमण निघालं. जोडप्याला वीस फूट दिले, तर चौथ्याला चार फूट नऊ इंच सरकावं लागलं. प्रत्येक जागा एक फूट सात इंच कमी भरत होती आणि तूट पुढच्याच्या डोक्यावर बसत होती. काल रात्री एकमेकांना साखर-चहा पोचवणारी माणसं आता कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुमची खुंटी काढा!" "आधी तुमच्या सासूबाईंची खुर्ची काढा!" "सासूबाईंचं नाव घ्यायचं काम नाही!" दोन पोरांनी सुतळीच्या अलीकडून-पलीकडून एकमेकांच्या अंगावर पाणी उडवायला सुरुवात केली आणि त्यांच्या बापांनी आवरायचं सोडून बादल्या भरून दिल्या.

मोजणीदार मात्र रंगात आला होता. त्याला वाटत होतं, आपण न्याय वाटतोय.

नवव्या, म्हणजे शेवटच्या जागेत एक दाताचा डॉक्टर होता. सहा फूट उंच. त्याच्यापर्यंत पोचेतो तूट बारा फूट आठ इंच झाली. त्याच्या वाट्याला राहिले पाच फूट नऊ इंच, आणि त्यापुढं संडासाची भिंत.

"म्हणजे मी झोपायचं कसं?" डॉक्टरनं थंडपणे विचारलं.

मोजणीदारानं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "पाय तीन इंच दुमडून," तो म्हणाला.

यानंतर डॉक्टरनं जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या माणसाला दातांखेरीज इतर अवयवांचीही चांगली माहिती होती. आरडाओरडा ऐकून कॅम्पचा मॅनेजर धावत आला. तळ्याकाठी सुतळ्यांचं जाळं, उपटलेले तंबू, भिजलेली माणसं, आणि मधोमध टेप धरलेला हा.

"जागा वीस फूट लिहिलीत आणि दिलीत अठरा फूट पाच इंच!" मोजणीदार त्याच्यावर गरजला. "मोजल्या कशा तुम्ही?"

"पावलांनी," मॅनेजर म्हणाला.

"पावलांनी?" मोजणीदाराचा आवाज चिरकला. एवढा धक्का त्याला सासरे गेले तेव्हाही बसला नव्हता. "माणूस आहात की कोण आहात? पावलांनी!"

"साहेब, सहा वर्षं झाली या कॅम्पला," मॅनेजर संतापून म्हणाला. "सहा वर्षांत एक भांडण नाही. तुम्ही काल दुपारी आलात आणि आज नऊच्या आत नऊ घरं पेटवलीत. आवरा सामान. तासाभरात जागा मोकळी पाहिजे."

"पण माझं बरोबर आहे!"

"असू दे. बरोबर तर बरोबर! निघा."

मोजणीदार तणतणत आपल्या तंबूकडं आला. दोघी पोरी तळ्यावरून परतत होत्या. दोघींच्या ओंजळीत शिंपले होते. बेकरीवाल्याच्या बायकोनं आपल्या मुलीला दंडाला धरून ओढलं. "चल आत. त्यांच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. उगाच तोही मोजतील." मुलगी मागं वळून बघत आत गेली.

लेक सुतळीपाशी उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला एकच तर मिळाली होती."

मोजणीदारानं तोंड उघडलं. सांगायला पुष्कळ होतं. बोर्ड होता, नियम होता, चार वाजताचं ते धप्प धप्प होतं. त्यातलं काहीही तिला सांगण्यासारखं नाही, हे त्याला उभ्या उभ्या कळलं, आणि त्याला पहिल्यांदाच स्वतःचा राग आला. साधासुधा नाही, डोक्यात घण घालावेत असा. बायको मुकाट्यानं तंबूची घडी घालत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं वाघासारखे साहेब पाहिले होते, पण त्या मुकाटपणाइतका तो कुणाला घाबरला नव्हता.

तो सुतळीपाशी गेला. पलीकडं बेकरीवाला पिठाच्या गोळ्याकडं बघत बसला होता. हलवाहलवीत त्यात माती पडली होती.

"ऐका ना," मोजणीदार म्हणाला. पुढचं येईना. माफी कशी मागतात याचा त्याला अनुभव नव्हता. "ते पीठ... माझ्यामुळं वाया गेलं. तुम्ही पहाटे रेडिओ लावला, ते पीठ आपटणं, माझं डोकं फिरलं. मी तोंडानं सांगायला पाहिजे होतं."

"रेडिओ?" बेकरीवाला उठूनच उभा राहिला. "अरे देवा! तुम्ही झोपला होतात?"

"पहाटेचे चार वाजले होते!"

"तेच म्हणतोय, चार वाजले होते! मला वाटलं, सगळे उठले असतील." त्याला खरंच शरम वाटली. "एक हाक मारायची होती, भाऊ. रेडिओ तळ्यात फेकून दिला असता." मग त्याचाही आवाज चढला. "मला तुमचा राग आलाय, हे मी लपवत नाही. माझ्या पिठाला आजवर कुणी अतिक्रमण म्हटलं नव्हतं! पण आपल्या दोघांच्या डोक्यात राख, आणि झळ त्या पोरींना. माझी तर आत उशीत तोंड खुपसून पडलीय."

तो तडक मॅनेजरकडं गेला. तिथं बराच वेळ हातवारे झाले. परत आला आणि म्हणाला, "तुमच्या नावाची जागा गेली. ती आता डॉक्टरना दिली. पण आपल्या जागेत पाहुणा कोण ठेवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. माझ्या जागेत या. अट एकच. तो टेप इकडं द्या."

मोजणीदारानं टेप दिला. कुणी किडनी काढून द्यावी तसा दिला, पण दिला. सगळ्या सुतळ्याही त्यानं स्वतःच सोडल्या. आठही घरांसमोरून जाताना त्यानं शिव्यांची लाखोली खाली मान घालून ऐकली. डॉक्टरनं तर दोनदा ऐकवली.

आणि मग वीस फुटांतल्या एका इंचावरही पाणी सोडायला तयार नसलेला हा माणूस दुसऱ्याच्या अठरा फूट पाच इंचांत, दोन तंबू एकमेकांना चिकटवून, बायको-लेकीसह राहिला. धूर डोळ्यांत गेला. पोरं याच्या पायांवरून नळाकडं गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता बेकरीवाल्यानं त्याला खांदा हलवून उठवलं, कानात म्हणाला, "हळू, लोक झोपलेत," आणि परातीपुढं बसवलं. मोजणीदारानं अंधारात मुकाट्यानं पीठ मळलं. कालचा स्वतःवरचा सगळा राग त्यात घातला. पाव फार मऊ झाला म्हणे. बेकरीवाल्याची बायको मात्र त्याच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. तिनं पाव दिला, पण कडेचा दिला.

निघायच्या वेळी बेकरीवाल्याची मुलगी धापा टाकत गाडीपाशी आली. "पुढच्या रविवारी माझा वाढदिवस आहे. येशील?"

लेकीनं मान हलवली, चार-पाच वेळा. मग चोरून पुढच्या सीटकडं पाहत हळूच विचारलं, "आईबाबांना पण आणू?"

मुलगी पळत जाऊन बापाला विचारून आली. "बाबा म्हणाले, जरूर आण. फक्त केक ते स्वतः कापणार."

गाडी रस्त्याला लागली. बायकोनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि याआधी असा तिनं कधी ठेवला होता ते दोघांनाही आठवत नव्हतं. पण मोजणीदाराच्या मनात काहीतरी खदखदत होतं. तीन वळणं त्यानं कळ काढली. चौथ्याला ते उतू गेलंच.

"गोल केकचे सारखे तुकडे करणं सोपं नसतं," तो म्हणाला. "आधी मध्य काढावा लागतो. मग कोन धरायचा. त्या माणसाला कुठलं जमतंय! नुसत्या अंदाजानं कापणार, आणि कुणाला तरी कमी येणार."

"अहो," बायको म्हणाली आणि हात काढून घेतला.

"बाबा," मागून लेक म्हणाली, "मला कमी आला तरी चालेल."

मोजणीदारानं आरशात पाहिलं. तिचा चेहरा नुसता उजळला होता. आपलं शंभर टक्के बरोबर असूनही त्यानं वाद गिळला. "बरं बाळा," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

बाबा इतक्या लवकर ऐकतात, हे लेकीला नवीन होतं. ही संधी परत येईल न येईल म्हणून तिनं लगेच पुढचंही विचारून घेतलं.

"मग त्या दिवशी तुम्ही बाहेर गाडीतच बसाल ना?"